ज्येष्ठ नागरिक संघात 'स्मरणशक्ती तपासणी शिबिर' ठेवावं का?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. आमच्या कऱ्हाडातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं सचिवपद यंदा माझ्या गळ्यात आहे. काम म्हणजे खुर्च्या मोजणं, वक्ते धरून आणणं आणि शाल-नारळाची पावती जपून ठेवणं. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो (१९९४ पासून पाळतात). त्या दिवशी मोफत स्मरणशक्ती तपासणी शिबिर घ्यायचं असं कार्यकारिणीत जवळजवळ ठरलंय. एका सभासदांच्या ओळखीचे गृहस्थ येणार, प्रत्येकाला दहा मिनिटं प्रश्न विचारणार आणि ३० पैकी गुण लिहिलेला कागद हातात देणार.

माझं मन घेत नाही. ज्याला ३० पैकी १९ पडतील त्याने तो कागद घरी नेऊन करायचं काय? नुसतं घाबरून बसायचं? पुढे कुणाला दाखवायचं हे कोण सांगणार? दुसरीकडे, मागच्या वर्षीसारखं व्याख्यानही नको. वक्ते आले, "बदाम खा, सुडोकू सोडवा, सकारात्मक राहा" म्हणाले, टाळ्या वाजल्या, चहा झाला, संपलं.

तर शिबिर ठेवावं का? नसेल ठेवायचं तर त्या दीड तासात काय ठेवावं? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी जरूर लिहा.

तात्या_पेन्शनवाले
ठेवा. आमच्या विरंगुळा केंद्रात असंच शिबिर होतं. नावं नोंदवलेल्यांपैकी निम्मे यायचंच विसरले. त्यांना तपासायची गरजच उरली नाही. (हलके घ्या.)

मीनल_ठाणे
तात्या :)

माझं मत: ठेवाच. बाबांच्या बाबतीत आम्ही "वय झालं" म्हणत फार वेळ घालवला. आयुष्यभर हिशेबात पक्का माणूस, विजेचं बिल दोनदा भरायला लागला. मग पासबुकावर काय लिहिलंय ते विचारायला लागला. मग एकदा स्टेशनवरून घरी येताना जो रस्ता तीस वर्षं चालला तोच चुकला. प्रत्येक वेळी आमच्याकडे कारण तयार होतं: ऊन होतं, गर्दी होती, आई गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही. त्या काळात कुणी परक्या माणसाने दहा मिनिटं बसून प्रश्न विचारले असते, तर आम्ही निदान भानावर आलो असतो. शिबिराने कुणी घाबरेल म्हणता, तर थोडं घाबरलेलं बरं.

गल्लीतला_डॉक्टर
मी मेंदूचा तज्ज्ञ नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे. मीनलताईंची तळमळ कळते, पण त्यांच्या बाबांना आणि संघात चहाला आलेल्या दीडशे जणांना एकच माप लावता येत नाही.

ज्याची तक्रार आहे, किंवा ज्याच्या घरच्यांची तक्रार आहे, त्याला तपासणं वेगळं. त्यात टाळाटाळ नकोच. पण काही त्रास नसलेल्या सगळ्यांना रांगेत बसवून गुण देण्याने फायदा होतो असा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेत कोणती चाळणी तपासणी करावी हे सांगणारी जी सरकारी तज्ज्ञ समिती आहे, तिने २०२० मध्ये याच प्रश्नावर "पुरावा अपुरा" असं मत दिलं. अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात चार हजार रुग्णांवर याचा रीतसर प्रयोग झाला होता. तपासणी झाल्यामुळे लोक जास्त खचले नाहीत (म्हणजे धागाकर्त्यांची भीती थोडी कमी करायला हरकत नाही), पण त्यांचं पुढचं आयुष्य सुधारलं असंही दिसलं नाही. कमी गुण आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढची तपासणी करायलाच नकार दिला. तुमच्या संघातही तेच होईल.

शिवाय गुण कमी पडायला डिमेन्शियाच (म्हणजे स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्यातलाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) लागतो असं नाही. शाळा कमी झालेली, कानाला कमी ऐकू येतं, रात्री झोपेची गोळी घेतलेली, मन उदास, ब-१२ कमी, थायरॉइड बिघडलेलं, यातलं काहीही पुरतं. आणि अचानक, दोन-चार दिवसांत माणूस भलतंच बोलायला लागला तर त्याला डिमेन्शिया म्हणून घरी बसवू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम खाली गेल्याने असं होतं आणि उपचाराने माणूस ताळ्यावर येतो. हे मी महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी समजावतो.

शिबिरच हवं असेल तर रक्तदाब, साखर आणि कान तपासा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्यासारखे चौदा धोके मोजले. बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, डोक्याला मार, एकटेपणा, प्रदूषित हवा, कमी झालेली नजर वगैरे. हे सगळे काढून टाकता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे.

हिशोबनीस
डॉक्टरसाहेब, ते ४५ टक्के संघाच्या फळ्यावर लिहू नका. लोक त्याचा अर्थ "मी चालायला गेलो तर माझा धोका ४५ टक्क्यांनी कमी" असा घेतात. तो आकडा अख्ख्या लोकसंख्येचा आहे आणि सगळे धोके जन्मापासून शून्य झाले असते तर काय, या गृहीतकावर बसवलेला. त्या चौदांत लहानपणीचं कमी शिक्षणही आहे. आता आमच्या पंच्याऐंशीच्या आत्याबाईंना पहिलीत घालायचं का? हाच आकडा २०१७ च्या अहवालात ३५ होता, २०२० मध्ये ४० झाला. धोक्यांची यादी नऊवरून बारा आणि बारावरून चौदा झाली म्हणून वाढला. आपले मेंदू तेच आहेत.

गल्लीतला_डॉक्टर
आकड्याचा अर्थ तुम्ही बरोबर लावलात. तरी रक्तदाब तपासायला आकडा लागत नाही.

रोहिणी_नक्षत्र
माझ्या आईला ब्याऐंशीव्या वर्षी विष्णुसहस्रनाम पाठ आहे, एक नाम इकडचं तिकडे होत नाही. आपल्याकडे पाठांतराची परंपरा होती म्हणूनच हे आजार कमी होते असं मला वाटतं. सोबत ब्राह्मी आणि हळदीचं दूध. यावर कुणी का बोलत नाही?

बंगळूरची_वैदेही
रोहिणीताई, आईंना नमस्कार सांगा, पण पाठ असलेलं सहस्रनाम हा मेंदू शाबूत असल्याचा दाखला धरू नका. जुनं, घोटलेलं पाठांतर शेवटपर्यंत टिकू शकतं. माझ्या आजोबांना मुलाचं नाव आठवत नव्हतं तेव्हाही रामरक्षा सलग यायची. आधी जातं ते नवीन: सकाळी काय खाल्लं, कोण येऊन गेलं. हळदीतल्या कर्क्युमिनचे अल्झायमरच्या रुग्णांवर प्रयोग झाले, उपयोग दिसला नाही. गिंको नावाच्या वनस्पतीवर अमेरिकेत तीन हजारांहून जास्त ज्येष्ठांवर मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया टळला नाही. दूध प्या, त्याला कोण नाही म्हणतंय.

"आपल्याकडे कमी होते" याबद्दल. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात मोजणी झाली आणि अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापेक्षा खूपच कमी निघालं, हे खरं. त्यावर बरीच चर्चा झाली. पण डिमेन्शियाचा २०२३ मध्ये आलेला देशव्यापी अंदाज साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

बल्लभगढची आणखी एक गोष्ट या धाग्याच्या कामाची आहे. ती ३० गुणांची परीक्षा (एमएमएसई) मुळात शिकलेल्या अमेरिकनांसाठी होती. "डोळे मिटा" असं लिहिलेला कागद वाचून डोळे मिटायचे, एक वाक्य लिहायचं, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. ज्यांनी पाटी पाहिली नाही त्यांना हे कसं विचारणार? म्हणून तिथे वापरलेल्या हिंदी आवृत्तीत "माझ्याकडे बघा, मी करते तसं करा" म्हणून डोळे मिटून दाखवायचे, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. इंग्रजीतल्या जीभ अडखळवणाऱ्या वाक्याच्या जागी "न ये, न वो" असं म्हणून घ्यायचं. तेव्हा तुमचे गृहस्थ कुठला कागद आणणार आहेत, मराठीत आहे का, कमी शिकलेल्यांसाठी किती गुणांच्या खाली शंका धरतात, हे आधी विचारा.

तात्या_पेन्शनवाले
"न ये, न वो" आमचे आमदार रोज म्हणतात. त्यांना पूर्ण गुण.

बेळगावी_कुंदा
अवांतर: दोन भाषा येणाऱ्यांना हा आजार उशिरा होतो असं वाचलं होतं. मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या आम्हा बेळगावकरांना सवलत आहे का?

बंगळूरची_वैदेही
तो अभ्यास हैदराबादच्या निम्स रुग्णालयातला, सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ चा. ६४८ रुग्ण. दोन भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही दिसली म्हणून तो गाजला. दोनाच्या पुढे तिसरी-चौथी भाषा आली तर जादा फायदा दिसला नाही. अर्थात हे दवाखान्यात आलेले रुग्ण, आणि इतर देशांतल्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत.

तात्या_पेन्शनवाले
म्हणजे सीमाप्रश्न चिघळत ठेवला ते मेंदूच्या भल्यासाठीच म्हणायचं.

बेळगावी_कुंदा
हसून हसून पुरेवाट. तात्या, या एकदा, कुंदा खिलवते. दोन्ही भाषांत.

सुडोकूसम्राट
सुडोकूला नावं ठेवलेली पाहिली. मी रोज तीन सोडवतो आणि एकदम तल्लख आहे.

हिशोबनीस
सुडोकूने माणूस सुडोकूत तरबेज होतो, हे सिद्ध झालेलं आहे. "मेंदूचे खेळ" विकणाऱ्या लुमॉसिटी कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरायला लावले होते, कारण स्मृतिभ्रंश रोखण्याच्या जाहिरातींना आधार नव्हता. आवडतं म्हणून खेळा, औषध म्हणून नको. मला विचाराल तर चौघांत बसून पत्ते कुटणं बरं, भांडायला माणसं तरी मिळतात. फिनलंडमध्ये आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं मिळून दोन वर्षं करवून घेतलं, १२६० जणांवर, २०१५ चा निकाल. थोडा पण मोजता येण्याजोगा फरक पडला. त्यातलं एकच उचलून डबीत भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात नाही.

पर्वरीकर
सगळे तपासणीवर बोलताहेत, मी श्रोत्यांबद्दल लिहितो. गोव्यात या विषयावर जुनं काम आहे. मार्टिन प्रिन्स आणि विक्रम पटेल या मानसोपचारतज्ज्ञांनी २००१ मध्ये इथल्या लोकांशी बोलून लिहिलं होतं. म्हातारपणी असं वागणं लोकांच्या ओळखीचं होतं. पण त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. वयाचा परिणाम म्हणायचे, नाहीतर मुलं बघत नाहीत, प्रेम देत नाहीत म्हणून असं झालं म्हणायचे. म्हणजे ज्या घरात हा आजार आला त्या घराची आधी अब्रू जायची आणि मग मदत थांबायची. वीस-पंचवीस वर्षं झाली, पण आमच्या वाड्यावर आजही हेच ऐकू येतं.

नंतर इथेच सांगाथ संस्थेच्या लोकांनी एक प्रयोग केला, अमित डायस त्यात होते, २००८ मध्ये छापून आला. ८१ कुटुंबं. डॉक्टर नव्हेत, गावातलीच माणसं थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवली. त्यांनी सांगायचं काय, तर हा आजार आहे, मुद्दाम करत नाहीत. अंघोळीला नाही म्हणाले तर काय करायचं. सरकारी योजनेचा फॉर्म कुठे मिळतो. शेजारच्या कुणाला दोन तास बसवून तुम्ही बाहेर पडा. रुग्णाची स्मृती परत आली नाही, येणारही नव्हती. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं.

म्हणून सचिवसाहेब, तुमच्या सभागृहात ज्येष्ठांना बसवून काय साधणार? त्यांच्या सुना, मुलगे, घरकाम करणाऱ्या बायका, शेजारी यांना बोलवा.

मधली_सून
सदस्य होऊन बरीच वर्षं झाली, पण लिहिते आज पहिल्यांदाच. पर्वरीकरांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सासूबाईंचे पैसे चोरीला जायला लागले तेव्हा चोर मीच होते. त्या पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवायच्या आणि विसरायच्या. जेवणाचं ताट उचललं की अर्ध्या तासात गॅलरीतून शेजारच्या काकूंना सांगायच्या, सून जेवायला देत नाही. काकूंनी एकदा डबा पाठवला. डबा परत करताना मी काय बोलायचं होतं? नणंद पुण्याला. तिच्याशी फोनवर पाच मिनिटं त्या इतक्या छान बोलायच्या, तब्येत विचारायच्या, नातवाची परीक्षा विचारायच्या, की ती मला म्हणायची, "वहिनी, आईला काही झालेलं नाही, तूच वैतागली आहेस." वैतागले होतेच.

शेवटी नणंदेला सोबत घेऊन डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी सासूबाईंना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला आणि बाराच्या बारा आकडे एका बाजूला कोंबले. त्या दिवसापासून नणंद महिन्यातले आठ दिवस येऊन राहते. मी झोपते तेव्हा.

म्हणून मला डॉक्टरांचं म्हणणं पटलं तरी मनातून शिबिराच्याच बाजूने आहे. तो १९ गुणांचा कागद सासूबाईंच्या काही उपयोगाचा नसेल. माझ्या होता. मला कुणीतरी लिहून दिलेलं हवं होतं.

मीनल_ठाणे
मधल्या सूनबाई, लिहीत राहा. फोनवरची पाच मिनिटं आमच्याकडेही अशीच होती. परदेशातला भाऊ दर रविवारी "बाबा तर मस्त आहेत" म्हणायचा.

न्यू_जर्सीचा_नंदू
तो भाऊ म्हणून हजेरी लावतो. :( इथून खरंच कळत नाही. आता व्हिडिओ कॉल एका वेळी वीस मिनिटांच्या खाली ठेवत नाही आणि आईला आजचं विचारतो, जुनं नाही. आज पोळ्यांना बाई आली होती का, दुपारी कोण आलं.

बातम्यांतल्या इंजेक्शनबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो. लेकॅनेमॅबला इथे जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्के मंदावली. ऐकायला मोठं वाटतं, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक अर्ध्या गुणाहूनही कमी. आजार अगदी सुरुवातीचा हवा, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून घ्यायचं, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने सगळं समजून घेऊन नको म्हटलं.

वकिली_कावा
मधल्या सूनबाईंना सहानुभूती ठेवूनच विरोध करतो. तो कागद तुमच्या हातात पडला असता तर ठीक. माझ्याकडे येतात ते वेगळ्या हातांतले कागद. "म्हाताऱ्याला भ्रम आहे, त्याने केलेलं मृत्युपत्र रद्द करा." शिबिरात परक्या माणसाने दहा मिनिटांत दिलेले गुण हे निदान नसतं, पण भावकीत ते निदान म्हणूनच फिरतं. ज्याला १९ पडले त्याची सही उद्या कोण मानेल? कोर्ट मानेल कदाचित, भाऊ नाही मानणार.

उलट निदान रीतसर आणि लवकर झालं तर त्याचा कायदेशीर फायदा असतो, तो कुणी सांगत नाही. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं असं लोकांना वाटतं. आपल्या करार कायद्याच्या (१८७२) कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी चळली की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा तो कागद निरुपयोगी. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात धाव घ्यायची. म्हणून समज शाबूत आहे तोवर पेन्शनचं खातं जोडीदारासोबत संयुक्त करा, बँकेतली नामनिर्देशनं तपासा, मृत्युपत्र डॉक्टरच्या दाखल्यासह करा. निदान झालं म्हणजे त्याच दिवसापासून सही बाद असं नसतं. आपण काय करतोय हे ज्याला त्या वेळी कळतं, तो सही करू शकतो.

मधली_सून
भावकीचा विचार मी केला नव्हता. पण मग माझ्यासारखीने जायचं कुठे? गुणांचा कागद नको, ठीक. एक टेबल तरी ठेवा, जिथे बाई येऊन सांगेल की घरात असं असं चाललंय, आणि समोरचा माणूस लिहून घेईल आणि कुणाकडे जायचं ते सांगेल.

पर्वरीकर
+१००. हेच लिहायचं होतं, तुम्ही दोन ओळींत लिहिलंत.

सुडोकूसम्राट
विषय गंभीर आहे पण सुडोकूवर अन्याय झालाय एवढं नमूद करतो.

कृष्णाकाठचा
सर्वांचे आभार. काल कार्यकारिणीत हा धागा छापून नेला (तात्यांचे प्रतिसाद वगळून, अध्यक्ष आमदारांच्या जवळचे आहेत). दोन तास घमासान झालं. निष्पन्न असं:

गुणांचं शिबिर रद्द. ते गृहस्थ नाराज झाले, त्यांना सत्काराला बोलावतो. निमंत्रणपत्रिकेवर "ज्येष्ठांसोबत घरातल्या एकाने तरी यावं" असं छापतोय. पहिली वीस मिनिटं इथलेच एक डॉक्टर बोलतील: कशाला नेहमीचं विसरणं म्हणायचं आणि कशाने दवाखाना गाठायचा, अचानक गोंधळ उडाला तर काय, ब-१२ आणि थायरॉइड. नंतर एक वकील. बदाम नाहीत. सांभाळणाऱ्या दोन बायका बोलायला तयार आहेत, पण माईकवर नाही, गोलात बसून. बाजूला रक्तदाब, साखर आणि कान. आणि मधल्या सूनबाईंनी सांगितलेलं टेबल, तिथे आमच्या संघातल्या निवृत्त परिचारिका बसतील. भिंतीवर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ मोठ्या अक्षरांत.

एका मुद्द्यावर एकमत झालं नाही. अध्यक्षांचं म्हणणं, सुनांना बोलावलं तर ज्येष्ठ मोकळे बोलणार नाहीत. मला वाटतं ज्येष्ठ एरवीही मोकळे बोलत नाहीत. बघू.

मीनल_ठाणे
मुलगेही येतील असं बघा. पत्रिकेवर "एकाने तरी" छापलंत की सूनच येते.

कृष्णाकाठचा
खरंय. "मुलगा किंवा मुलगी" करतो. प्रूफ अजून हातात आहे.

गल्लीतला_डॉक्टर
कान तपासणार म्हणालात ते उत्तम. अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवर श्रवणयंत्रांचा प्रयोग झाला, २०२३ मध्ये निकाल आला. सगळ्यांत मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना हृदयविकाराचे वगैरे धोके आधीपासून जास्त होते त्यांची तीन वर्षांतली बौद्धिक घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. पण ही तपासणी सभागृहात करू नका, पंख्यांच्या आणि चहाच्या कपांच्या आवाजात सगळेच बहिरे ठरतील. दार बंद होणारी खोली हवी.

कृष्णाकाठचा
स्टेजच्या मागे एक खोली आहे. सध्या तिथे गणपतीचं मखर आणि सतरंज्या आहेत. उद्या पोरांना सांगून रिकामी करवतो.

तात्या_पेन्शनवाले
सतरंज्या राहू द्या. आवाज शोषतात.